कार्यालयाचा स्वतःचा ई-मेल सर्व्हर इंटरनेटला कसा जोडतात? बोरीसारख्या गावात तो जोडावा का?

समजा, परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या बोरी इथं एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. पुण्यातल्या एका प्रक्रिया उद्योगाने सोयाबीनचे दर मागवले आहेत. मुदत शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. बोरीच्या कार्यालयातून मेल गुरुवारीच गेला, 'सेंट'मध्ये तो दिसतोही आहे. सोमवारी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "तुमचा मेल आम्हाला मिळालाच नाही." दोन दिवसांनी तो तिकडच्या स्पॅम फोल्डरमध्ये सापडला. तोवर माल दुसऱ्याकडून ठरला होता.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण असा प्रकार कुठल्याही कार्यालयात घडू शकतो. या कंपनीने नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर मेल सर्व्हर बसवला, ब्रॉडबँडला जोडला. मेल जातोय, येतोय. मग चुकलं काय?

चुकलं एवढंच, की सर्व्हर इंटरनेटला जोडला गेला, पण इंटरनेटवरच्या इतर सर्व्हरना त्याची ओळख पटवून दिली गेली नाही. मेल पाठवणं सोपं आहे, पाठवणाऱ्यावर समोरच्याने विश्वास ठेवणं अवघड. हा विश्वास कसा मिळवायचा आणि त्यासाठी सर्व्हर आपल्याच कार्यालयात असायला हवा का, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- कार्यालयाचं स्वतःचं डोमेन असणं फायद्याचं. स्वतःचा सर्व्हर असलाच पाहिजे असं नाही.
- सर्व्हर कार्यालयात ठेवायचा तर स्थिर आयपी पत्ता, उघडं पोर्ट २५ आणि उलटी डीएनएस नोंद, या तीन गोष्टी इंटरनेट कंपनीकडून मिळाव्या लागतात.
- एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी नसतील तर मेल स्पॅममध्ये जाण्याची किंवा नाकारला जाण्याची शक्यता मोठी.
- वीज काही तास गेली म्हणून येणारा मेल सहसा हरवत नाही.

ई-मेल सर्व्हर म्हणजे काय?

व्हॉट्सॲपवर तुम्ही मेसेज पाठवता तेव्हा तो एकाच कंपनीच्या यंत्रणेतून जातो. पाठवणारा आणि घेणारा दोघेही त्याच कंपनीचे ग्राहक. म्हणून कोण कोण आहे ते तिला माहीत असतं आणि निळी टिकही दिसते.

ई-मेलचं तसं नाही. तो एका सर्व्हरवरून दुसऱ्या, पूर्ण अनोळखी सर्व्हरकडे जातो. दोन्हींचे मालक वेगळे, सॉफ्टवेअर वेगळं, देशही वेगळे असू शकतात. त्यांना जोडणारा एकच दुवा म्हणजे एसएमटीपी नावाचा नियम. तो १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिला. त्या वेळी नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत होत्या. त्यामुळे 'मी अमुक' असं सांगणाऱ्याची खात्री करून घ्यायची सोय मूळ नियमात नव्हती. आजच्या बहुतेक भानगडी तिथूनच आल्या आहेत.

मेल सर्व्हर हा कार्यालयातला एखादा साधा कॉम्प्युटरही असू शकतो. त्यावर तीन कामं चालतात: बाहेरचा मेल घेणं आणि आतला पाठवणं, आलेले मेल प्रत्येकाच्या खात्यात साठवणं, आणि कर्मचाऱ्यांना ते मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर दाखवणं. पहिल्या कामासाठी पोस्टफिक्स, पुढच्या दोन कामांसाठी डव्हकॉट ही मोफत सॉफ्टवेअर खूप वापरली जातात. मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज विकत घ्यावं लागतं.

महाराष्ट्रात याची सुरुवात कुठं झाली?

मुंबईत. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधनासाठीचं नेटवर्क सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या संस्था होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा त्यात मोठा वाटा होता. २०१४ साली त्यांचा समावेश 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये झाला.

तेव्हा कायमची जोडणी नसायची. मेल सर्व्हरवर साठत राहायचे. ठरलेल्या वेळी मोडेमने टेलिफोन लावला जायचा, साठलेले मेल तिकडे जायचे, तिकडचे इकडे यायचे आणि फोन बंद व्हायचा. जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातला मेल सुरुवातीला असाच टेलिफोनवरून जात असे. पुढे एनसीएसटीमधूनच परदेशात मेल जाऊ लागला. सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केल्यावर.

साठवा आणि संधी मिळाली की पुढे पाठवा, हे ई-मेलचं तत्त्व आजही तेच आहे. ज्या गावात लाइन मधूनमधून जाते तिथं ते फार उपयोगी पडतं. ते कसं, हे पुढे येईलच.

बोरीहून पुण्याला मेल कसा जातो?

१. कर्मचारी 'सेंड' दाबतो. मेल आधी आपल्याच सर्व्हरकडे जातो, पोर्ट ५८७ किंवा ४६५ मधून. इथं युजरनेम आणि पासवर्ड लागतो.

२. आपला सर्व्हर पत्त्यातला '@' नंतरचा भाग पाहतो आणि डीएनएसला विचारतो, "या डोमेनचा मेल कुठं द्यायचा?" डीएनएस म्हणजे इंटरनेटची नावनोंदणी वही. उत्तरादाखल एमएक्स नोंद मिळते.

३. आपला सर्व्हर पुण्याच्या सर्व्हरचं पोर्ट २५ ठोठावतो आणि स्वतःचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता सांगतो. इथं पासवर्ड नसतो.

४. पासवर्ड नाही, म्हणून पुण्याचा सर्व्हर दुसऱ्या मार्गाने चौकशी करतो. हा आयपी कुणाचा? त्याचं नाव काय? या डोमेनच्या वतीने मेल पाठवायची त्याला परवानगी आहे का? मेलवर सही आहे का? हा पत्ता काळ्या यादीत आहे का?

५. चौकशीत पास झाला तर '२५०', म्हणजे स्वीकारला. '४'ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'नंतर या'. '५'ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'घेणार नाही'.

लक्षात ठेवा, '२५०' मिळालं म्हणजे मेल इनबॉक्समध्ये गेला असं नाही. स्वीकारून स्पॅममध्ये टाकण्याची मुभा समोरच्याला असते. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचं नेमकं हेच झालं.

आधी इंटरनेट कंपनीला हे तीन प्रश्न विचारा

सर्व्हर विकत घेण्याआधी ही चौकशी करा. उत्तरं 'नाही' आली तर कॉम्प्युटर कितीही भारी घेतला तरी उपयोग नाही.

*स्थिर आयपी पत्ता मिळेल का?* साध्या ब्रॉडबँडवर आयपी पत्ता बदलत राहतो. शिवाय अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तुमच्या राउटरवर १०० पासून सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ दरम्यान असलेला पत्ता दिसत असेल तर तुम्ही अशाच सामाईक पत्त्यावर आहात. बाहेरचा सर्व्हर तुमच्यापर्यंत थेट पोचूच शकत नाही. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरचंही बहुधा असंच असतं.

*पोर्ट २५ उघडं आहे का?* व्हायरस लागलेल्या घरगुती कॉम्प्युटरवरून स्पॅम जाऊ नये म्हणून अनेक कंपन्या ते बंद ठेवतात. व्यावसायिक कनेक्शनवर अर्ज करून ते उघडून मिळू शकतं.

*उलटी नोंद करून द्याल का?* नावावरून आयपी शोधण्याची नोंद आपण करतो. आयपीवरून नाव शोधण्याची नोंद, म्हणजे पीटीआर, ही मात्र ज्याच्या मालकीचा आयपी त्यालाच करता येते, आणि तो मालक म्हणजे इंटरनेट कंपनी. ही नोंद सगळ्यात जास्त विसरली जाते आणि तिच्यावाचून मोठ्या मेल सेवा दारातूनच परत पाठवतात.

भारतनेटमुळे ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचं काम २०११ सालच्या योजनेतून सुरू झालं. पण फायबरचा वेग आणि वरच्या तीन गोष्टी यांचा संबंध नाही. १०० एमबीपीएसची लाइन असूनही मेल सर्व्हर चालणार नाही, असं सहज होऊ शकतं.

डोमेनच्या नोंदी: ओळखपत्र कसं तयार होतं?

डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनलमध्ये या नोंदी करायच्या असतात.

- ए: सर्व्हरचं नाव आणि त्याचा आयपी पत्ता. हे नाव आणि पीटीआरमधलं नाव तंतोतंत जुळायला हवं.
- एमएक्स: आपल्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा. इथं सर्व्हरचं नाव द्यायचं, थेट आयपी नाही.
- एसपीएफ: आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे त्यांची यादी. वेबसाइटचा फॉर्म किंवा बिलांचं सॉफ्टवेअर आपल्या नावाने मेल पाठवत असेल तर तेही या यादीत हवं. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद ठेवा. दोन झाल्या तर दोन्ही निकामी होतात.
- डीकेआयएम: प्रत्येक मेलवर सर्व्हरची डिजिटल सही. सही करायची किल्ली सर्व्हरवर गुप्त राहते, ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी खुली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही.
- डीमार्क: वरच्या दोन्ही तपासण्या फसल्या तर समोरच्याने काय करायचं याची सूचना. 'फक्त कळवा', 'स्पॅममध्ये टाका' किंवा 'नाकारा'. सुरुवात 'फक्त कळवा'पासून करा. काही आठवडे अहवाल पाहा आणि मगच कडक व्हा.

पूर्वी या नोंदी असल्या तर उत्तम, असं म्हटलं जायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. गूगलच्या नियमांनुसार जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारी पीटीआर नोंद आणि टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर कुणाला वाचता येऊ नये अशी जोडणी, हे सगळं लागतं. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही आवश्यक आहेत. टीएलएससाठी लागणारं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था मोफत देते. त्याची मुदत कमी असते, म्हणून ते आपोआप नवं होईल अशी सोय करून ठेवा.

दार उघडताना कुलूप विसरू नका

सर्व्हर इंटरनेटवर आला की काही तासांतच अनोळखी ठिकाणांहून त्याचे पासवर्ड चाचपले जाऊ लागतात. त्यासाठी कुणी तुमच्यावर खास पाळत ठेवायची गरज नसते, हे काम यंत्रंच करतात.

- राउटरवर फक्त गरजेची पोर्टं उघडा: २५, ५८७ किंवा ४६५, आणि मेल वाचण्यासाठी ९९३. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडं ठेवू नका.
- सर्व्हरची धर्मशाळा होऊ देऊ नका. कुणाचाही मेल कुणालाही पोचवून देणाऱ्या सर्व्हरला 'ओपन रिले' म्हणतात. स्पॅमवाले तो लगेच शोधून काढतात आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो.
- प्रत्येक खात्यावरून तासाला किती मेल जाऊ शकतात यावर मर्यादा घाला. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेला तरी रात्रीतून हजारो मेल जाणार नाहीत.
- सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधल्या गंभीर त्रुटींवर तातडीची दुरुस्ती जाहीर केली. ती वेळेत न बसवलेले जगभरातले हजारो कार्यालयीन सर्व्हर फोडले गेले.
- बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या जागी, असा दोन्हीकडे ठेवा.

वीज गेली तर मेल हरवतो का?

ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. उत्तर आहे: सहसा नाही. तुमचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे साठवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न करावा, असं एसएमटीपीचा नियम सांगतो. सगळेच तेवढा धीर धरत नाहीत, पण दुपारी चार तास वीज नव्हती म्हणून मेल बुडत नाही.

अडचण वेगळीच होते. सर्व्हर बंद असेपर्यंत तुमच्या लोकांना जुने मेलही वाचता येत नाहीत आणि नवे पाठवता येत नाहीत. मोबाइलवर नेट असलं तरी नाही, कारण मेल कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. मुदत आज ५ वाजता असेल तर हीच गोष्ट नडते. म्हणून सर्व्हरइतकाच राउटरलाही इन्व्हर्टर लागतो. शिवाय वीज अचानक गेल्यावर डिस्क खराब होऊ नये म्हणून यूपीएस हवाच.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तुम्ही ज्या संगणक व्यवस्थेत मेल घ्यायचं सांगितलं आहे तिथं तो शिरला, की तो तुम्हाला मिळाला असं धरलं जातं. तुम्ही तो उघडला की नाही हा नंतरचा प्रश्न. त्यामुळे लेटरहेडवर छापलेल्या पत्त्याचा स्पॅम फोल्डर रोज पाहणं हे कामाचाच भाग आहे. बोरीच्या कंपनीला हेच कलम दाखवून "आमचा मेल मुदतीत पोचला होता" असं म्हणता येईल, पण तोवर सौदा निघून गेलेला असतो.

दुसरं, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. सर्व्हर तुमचा असेल तर ही जबाबदारीही तुमची.

मग बोरीतल्या कार्यालयाने काय करावं?

तीन मार्ग आहेत.

*पहिला, सगळं कार्यालयात.* नियंत्रण पूर्ण आपलं. पण तिन्ही प्रश्नांची 'हो' उत्तरं, चोवीस तास वीज आणि दर आठवड्याला सर्व्हरकडे पाहणारा जाणकार माणूस हवा. तो माणूस परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरात असेल आणि बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर हा मार्ग नको.

*दुसरा, अर्धं-अर्धं.* मेल साठतात कार्यालयात, पण बाहेर जाणारा मेल एखाद्या नावाजलेल्या रिले सेवेमार्फत जातो आणि येणारा मेल आधी बाहेरच्या खात्यात पडून ठरावीक वेळाने आत ओढला जातो. स्थिर आयपी आणि पोर्ट २५ ची गरज उरत नाही. नीट पाहिलं तर ही एनसीएसटीच्या काळातलीच पद्धत आहे. एसपीएफमध्ये रिले सेवेचं नाव मात्र घालावं लागतं.

*तिसरा, पत्ता आपला आणि सर्व्हर भाड्याचा.* डोमेन आपल्या संस्थेच्या नावावर, मेल मात्र झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा अन्य सेवेकडे. दरमहा खात्यामागे पैसे द्यायचे. पाच-दहा खात्यांच्या कार्यालयाला बहुतेक वेळा हाच मार्ग परवडतो.

तिसऱ्या मार्गात कमीपणा वाटायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेलही झोहोच्या यंत्रणेवर नेण्यात आले. पत्त्यातली सरकारी डोमेनं मात्र सरकारकडेच राहिली.

यात जपायची गोष्ट एकच: डोमेन. ते संस्थेच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या संचालकाच्या खासगी नावावर नको. नूतनीकरणाची तारीख दोघांच्या डायरीत असू द्या. डोमेन हातात असेल तर मेल सेवा कधीही बदलता येते आणि पत्ता तोच राहतो. डोमेन गेलं तर पत्ताही गेला.

सुरू करण्याआधी चाचणी

जीमेल, याहू आणि आउटलुक अशा तीन ठिकाणी मेल पाठवा आणि तो इनबॉक्समध्ये गेला का ते पाहा. जीमेलमध्ये मेल उघडून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं. मग तिन्हींकडून उत्तर पाठवून ते परत येतं का ते तपासा. पहिले काही दिवस मोजकेच मेल पाठवा, कारण नव्या पत्त्यावरून एकदम शेकडो मेल गेले की शंका येतेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत किंवा सरकारी शाळेने स्वतःचा सर्व्हर लावावा का?
नको. शासकीय कामासाठी शासनाने दिलेली मेल सेवाच वापरावी.

मराठीत ई-मेल पत्ता मिळतो का?
हो. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीतही घेता येतं. पत्ता 'कार्यालय@उदाहरण.भारत' असा दिसेल. पण बऱ्याच वेबसाइट आणि जुने सर्व्हर असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत, म्हणून जोडीला इंग्रजी अक्षरांतलं डोमेनही ठेवा.

आयपी काळ्या यादीत गेला तर?
आधी स्पॅम कुठून जातोय ते शोधून बंद करा आणि मगच यादीतून नाव काढायचा अर्ज करा. कारण तसंच ठेवून अर्ज केला तर नाव पुन्हा यादीत येतं.

सगळं नीट असूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो का?
जाऊ शकतो. म्हणून मुदतीचा मेल शेवटच्या तासासाठी ठेवू नका. आदल्या दिवशी पाठवा आणि "मेल मिळाला का?" असा एक फोन करा. आपल्या उदाहरणातल्या कंपनीने मेल गुरुवारी पाठवला, पण फोन सोमवारी केला. तोच फोन शुक्रवारी सकाळी केला असता तर तो सौदा कदाचित वाचला असता.